सात वाजताची गोष्ट, मैलभर लांब

ऑपेरा म्हटलं की डोळ्यासमोर मखमली पडदा, महागडं तिकीट आणि आपल्याला न कळणाऱ्या भाषेत उंच आवाजात मरणारी नायिका येते. 'द माइल-लाँग ऑपेरा'मध्ये यातलं काहीच नव्हतं. 3 ते 8 ऑक्टोबर 2018, अशा सहा संध्याकाळी न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर 1000 गायक उभे राहिले आणि प्रेक्षक त्यांच्यामधून चालत गेले. प्रवेश फुकट होता. खुर्ची नाही, मध्यंतर नाही. दक्षिणेच्या टोकाला वर चढायचं आणि उत्तरेला 34व्या स्ट्रीटपर्यंत चालत राहायचं. कुठे रेंगाळायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

मी हे सगळं व्हिडिओंमधून पाहिलं, हेडफोन लावून. अंगावर येणारा वारा त्यात नाही. पण या प्रयोगाची रचना आणि त्याच्यामागचा विचार मात्र स्पष्ट दिसतो, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी जागा. हाय लाइन म्हणजे रस्त्यांच्या वरून जाणारा जुना लोहमार्ग. 1934 पासून त्यावरून मालगाड्या धावल्या, 1980 मध्ये शेवटची गाडी गेली, मग गवत वाढलं. 2009 मध्ये त्याच्या पहिल्या टप्प्याचं उद्यान झालं. ते घडवणाऱ्यांपैकी एक वास्तुरचनाकार म्हणजे एलिझाबेथ डिलर. ऑपेऱ्याची कल्पनाही त्यांचीच. संगीत डेव्हिड लँगचं, शब्द अ‍ॅन कार्सन आणि क्लॉडिया रँकिन या दोन कवयित्रींचे. गायक शहराच्या पाचही भागांतल्या गायनवृंदांमधून आलेले, त्यात हौशी मंडळी भरपूर.

शब्दांसाठीचा कच्चा माल मात्र शहरानं दिला. न्यूयॉर्कच्या रहिवाशांना विचारलं गेलं, की संध्याकाळचे सात तुमच्यासाठी काय असतात? प्रश्न साधा आहे, पण फसवा. कोण घरी पोचलंय, कोण कामावर निघालंय, कोण एकटंच जेवतंय, हे सगळं त्यात उघडं पडतं. माझे सात म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ, म्हणजेच क्लायंटसोबतचा कॉल. कित्येक महिने मी दिवेलागण फक्त लॅपटॉपच्या मागच्या खिडकीत पाहिली आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यावर नेमका लागला. आपली संध्याकाळ कोणाच्या मालकीची आहे, हेच तो विचारतो.

आता रचना. हाय लाइन सुमारे 2.3 किलोमीटर लांब आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे एका टोकाचा सूर दुसऱ्या टोकाला पोचायला जवळजवळ सात सेकंद लागतील. एवढ्या लांबीवर हजार माणसांना ऐकून एका तालात गाता येणारच नाही. लँगनं ही अडचण सोडवायचा हट्ट धरला नाही, ती मान्य करून रचना केली. गायक विखुरलेले, माईक नाही, वाद्यं नाहीत. प्रत्येक जण आपला तुकडा पुन्हापुन्हा गातोय, समोरून जाणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून. आमच्या भाषेत सांगायचं तर मध्यवर्ती सर्व्हरच नाही. तुम्ही चालता, एक आवाज मागे विरतो, दुसरा जवळ येतो, आणि मिक्सिंग तुमची पावलं करतात. शेजारी चालणाऱ्याला ऐकू आलेला ऑपेरा वेगळा असतो. शहरही असंच ऐकू येतं, अर्धवट आणि जाता जाता. इथे आशय आणि तंत्र एक होतात, आणि ते कमालीचं सुंदर आहे.

मग अडतं कुठे? जागेपाशीच. हे उद्यान झालं आणि आजूबाजूच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, भाडी चढली. उद्यानाला लागूनच सरकारी भाड्याच्या घरांच्या वसाहती आहेत. तिथल्या लोकांपर्यंत आपण नीट पोचलो नाही, हे उद्यानाचे एक संस्थापक रॉबर्ट हॅमंड यांनी 2017 मध्ये स्वतःच मान्य केलं होतं. ऑपेरा संपत होता तिथे तर हडसन यार्ड्सचे अजस्र टॉवर बांधून होत होते. झपाट्यानं बदलणाऱ्या शहराबद्दलचं हे गाणं त्या बदलाच्याच गच्चीवर गायलं गेलं.

याला ढोंग म्हणून मोकळं होता येईल, पण ते फार सोपं आहे. विरोधाभास निर्मात्यांना दिसत होता. शहर कोणाचं, हा प्रश्न त्यांनी त्याच जागी उभा केला, लांबच्या सुरक्षित नाट्यगृहात नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. सामान्य माणसाचं बोलणं कवयित्रीकडे गेलं, तिथून संगीतकाराकडे, तिथून गायकाकडे. प्रत्येक टप्प्यावर ते जास्त देखणं झालं आणि बोलणारा पुसट होत गेला. लोकांनी शब्द दिले, पण त्यातलं काय ठेवायचं याचा निर्णय लोकांकडे नव्हता. याला 'लोकांचा ऑपेरा' म्हणताना मी अडखळते.

आपल्याला इथे दिंडी आठवणं साहजिक आहे, पण ती उलट्या बाजूनं उपयोगी पडते. दिंडीत चालणाराच गातो. बघ्यांची सोय रस्त्याच्या कडेला, आणि तोही कधी टाळ्या वाजवत आत शिरेल सांगता येत नाही. हाय लाइनवर गाणारे उभे आणि चालणारे गप्प. रांग मोडली, भिंत गेली, तरी श्रोता श्रोताच राहिला.

तरीही एक गोष्ट हा प्रयोग अशी करतो, जी मला इतरत्र क्वचित सापडली. गर्दीच्या शहरात आपण अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघायचं टाळतो. इथे तो माणूस हातभर अंतरावर उभा राहून, चेहऱ्यावर छोटासा उजेड घेऊन, कोणाच्या तरी साध्या संध्याकाळीबद्दल तुमच्याकडे बघून गातो. नजर चुकवली तर तुम्हालाच कळतं की तुम्ही चुकवलीत. भाडी त्यानं उतरत नाहीत, गेलेले शेजारी परत येत नाहीत. पण ज्याच्याकडे आपण एकदा नीट पाहिलंय, त्याला नकाशावरून पुसणं थोडं अवघड जातं. एका कलाकृतीनं एवढं केलं, तर ते पुरेसं नाही, पण कमीही नाही.