गिरणगावातील लाकूडकामाचे मोजमाप : औद्योगिक आकडेवारीचे एक परीक्षण

एखाद्या प्रदेशातील लाकूड-उद्योगाचे उत्पादन किती, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. कारखान्यांची यादी घ्यावी, त्यांच्या मालाची किंमत मिळवावी आणि बेरीज मांडावी, एवढ्याने काम भागते अशी समजूत असते. गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागाला ही रीत लावून पाहिली असता तिच्यातील तीन दोष स्पष्ट होतात.

पहिला दोष बेरजेचा. रे रोडच्या वखारीतील ओंडका सॉ मिलमध्ये चिरला जातो, फळ्या सुताराकडे जातात आणि त्यांचे कपाट होते. समजा, ओंडका १०० रुपयांचा, फळ्या १४० रुपयांच्या आणि कपाट ३०० रुपयांचे. तिन्ही विक्रींची बेरीज ५४० रुपये होते; परंतु चिरणाऱ्याने व घडवणाऱ्याने मिळून घातलेली भर २०० रुपयांचीच, आणि तीतूनही खिळे, पॉलिश व वीज यांचा खर्च वजा करावयाचा असतो. म्हणून विक्री हे उत्पादनाचे माप नव्हे. वर्धित मूल्य हेच खरे माप होय.

दुसरा दोष मर्यादेचा. १९४६ ते १९५८ या काळातील उत्पादक उद्योगांच्या गणनेत यंत्रशक्ती वापरणारे व २० किंवा अधिक कामगार असलेले कारखानेच येत. तिने हाती घेतलेल्या २९ उद्योगांत लाकडाचे प्रतिनिधित्व मुख्यतः प्लायवुड आणि चहाची खोकी यांनी केले. सॉ मिल आणि फर्निचर बाहेरच राहिले. १९५९ पासूनच्या वार्षिक उद्योग पाहणीने क्षेत्र वाढविले. तथापि तिचा आधार १९४८ च्या कारखाने अधिनियमाची व्याख्या हा होता : यंत्रशक्तीसह १०, तिच्याविना २० कामगार. गिरगावच्या गल्लीत दोन मुलांना हाताशी घेऊन काम करणारा सुतार या व्याख्येत बसत नाही. २०१०-११ व २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांनी असंघटित उद्योगांची दखल घेतली खरी. पण त्यांतून बांधकाम वगळलेले होते. साहजिकच इमारतीत दारे-खिडक्या बसविणाऱ्या सुताराचे श्रम तेथेही निसटले.

तिसरा दोष वर्गीकरणाचा, आणि गिरणगावाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. आकडेवारीत प्रत्येक कारखाना त्याच्या मुख्य उत्पादनावरून ओळखला जातो. त्यामुळे कापड गिरणीच्या सुतारखात्यातील दुरुस्तीचे व जोडणीचे काम कापडाच्या खाती पडले. लोअर परळच्या रेल्वे कारखान्यातील लाकडी डब्यांचे काम रेल्वेच्या खाती गेले. गणेशोत्सवातील मंडपाचे वासे-फळ्या भाड्याने दिल्या जातात, म्हणून तो व्यवहार सेवेत मोडतो. २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात लाकडी वस्तूंचा विभाग १६ आहे, परंतु फर्निचर विभाग ३१ मध्ये आहे. म्हणजे सागवानी खुर्ची लाकडापासून दूर आणि पोलादी कपाटाच्या शेजारी.

याचा परिणाम विचित्र होतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. सुतारखात्यातील एखादा कारागीर एखाद्या लहान गाळ्यात करवत चालवू लागला असेल, तर त्याचे कसब तेच राहिले. आकड्यांत मात्र कापड-उद्योगातील एक कामगार कमी झाला आणि लाकूड-उद्योगात कोणीही वाढला नाही. अशा आकड्यांवरून 'या भागात लाकूड-उद्योग नगण्य आहे' असा निष्कर्ष काढणे म्हणजे जे मोजलेच नाही ते अस्तित्वातच नाही असे मानणे होय. हा दोष आकडे गोळा करणाऱ्यांचा नव्हे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या अंदाजासाठी आखलेले साधन गल्लीच्या मोजणीला लावणाऱ्यांचा तो आहे.

उपाय नवा नाही. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीने, जिचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला, कुटुंब हा चौकशीचा आधार धरला होता. त्याच धर्तीवर येथे कारखान्याऐवजी सुतारापासून आरंभ करावा : तो कोठे, किती दिवस आणि कोणाच्या लाकडावर काम करतो, हे घरोघर विचारावे; मग ते उत्तर कारखान्यांच्या आकड्यांशी ताडून दुबार नोंद वगळावी. पाडलेल्या चाळींतून निघणाऱ्या जुन्या सागवानाची नोंद वेगळी ठेवावी, कारण त्या लाकडाची किंमत पूर्वीच्या उत्पादनाची आहे, नवे आहेत ते केवळ त्यावरील श्रम आणि व्यापाराचा नफा.

हा वाद केवळ शास्त्रार्थाचा नाही. जुन्या वस्तीचा पुनर्विकास ठरतो तेव्हा कोणत्या धंद्याला किती जागा लागते, हे नोंदींवरून पाहिले जाते. ज्याची नोंद नाही त्याला आपली जागा मागताना आधी आपण आहोत हेच सिद्ध करावे लागते.