धूमकेतू आणि घरांतलें मौन

भावी विज्ञानयुगाची कथा म्हटली कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांतील प्रौढ मंडळी ती मुलांकडे सारतात. संसारी माणसास त्यांत काय मिळणार, अशी समजूत! ती किती चुकीची आहे हें पाहण्यास डॉ. जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही एकच कथा पुरेशी आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनांवानें कथा धाडून, आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडूं न देणारा हा लेखक मे २०२५ मध्यें निवर्तला.

दत्तादा हे हौशी आकाशनिरीक्षक. त्यांस नवा धूमकेतू गवसतो. पत्नी इंद्राणीदेवी धास्तावतात. धूमकेतू म्हणजे अरिष्ट अशी त्यांची श्रद्धा. दत्तादा ती हसण्यावारी नेतात. पुढें गणितानें निघतें कीं, तो धूमकेतू पृथ्वीवरच आदळण्याचा संभव आहे. मूठभर शास्त्रज्ञ गुप्तपणें जमून त्याचा मार्ग वळविण्याची योजना आंखतात. इकडे घरीं शांतीसाठीं यज्ञ होतो. संकट टळतें, आणि पत्नीच्या लेखीं श्रेय यज्ञास मिळतें. दत्तादा खिन्न होतात.

लेखकाचा रोख अंधश्रद्धेवर आहे, व त्याविषयीं आमचा मतभेद नाहीं. परंतु कथेचें खरें मर्म आम्हांस दुसरेंच वाटतें. इंद्राणीदेवींच्या भीतीचें कारण खोटें होतें. भीति मात्र खरी ठरली. आणि ती खरी आहे हें ठाऊक असलेला घरांतला एकमेव मनुष्य गप्प होता! घबराट माजूं नये म्हणून गुप्तता राखणें समजण्याजोगें आहे. तथापि ज्या बाईपासून ज्ञान लपविलें, तिच्या हातीं यज्ञावांचून दुसरें साधन तरी कोणतें उरलें? हा प्रश्न कथा उभा करते, पण विचारीत नाहीं. दत्तादांच्या खिन्नतेंत स्वतःविषयींचा थोडा तरी पश्चात्ताप मिसळला असता, तर कथा अधिक उंचीस गेली असती.

हा प्रश्न आकाशांतला नव्हे, घरांतला आहे. येथें भंडाऱ्यास ग्रहणाच्या दिवशीं कित्येक घरांत वेध पाळतात, पाण्यांत तुळशीपत्र टाकतात. ग्रहण सुटल्यावर वैनगंगेवर स्नानास जाणारेही आहेत. वेळ मात्र सारे पंचांगांतील गणिताचीच मानतात. आमच्या घरींही तुळशीपत्र पडतें. आम्ही प्राध्यापक, आम्ही हसलों. ग्रहण म्हणजे काय, हें घरांत बसून कोणास समजावून सांगितल्याचें मात्र आम्हांस स्मरत नाहीं. कर्ज, दुखणें, नोकरीवरील संकट, हींही आम्ही पुरुष ‘उगाच काळजी नको’ म्हणून झांकून ठेवतों. आणि तिनें नवस बोलला कीं तिला भोळी ठरवितों.

यंत्रें उद्यां कितीही बदलोत; धूमकेतू वळविण्याइतकें सामर्थ्य हातीं आलें तरी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभें राहून खरी गोष्ट सांगण्याचें धैर्य कोणतेंही यंत्र देणार नाहीं. १९७९ सालच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहांत ही कथा आहे. वाचकांनीं ती मुलांच्या हातीं द्यावी खरी. पण आधीं पतिपत्नींनीं मिळून वाचावी.