हसू सालोमालोला, वाटा रामेश्वरभट्टांचा



प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ मी प्रथम पाहिला तो माळेगावला, खंडोबाच्या यात्रेत, तंबूच्या टॉकीजमध्ये. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे. विष्णुपंत पागनीस तुकोबा होऊन समोर आले की म्हातारी माणसे हात जोडत. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनीसांचा भाव खरा, गौरीबाईंच्या जिजाईचा त्रागाही खरा.

तरी एक उणे सांगतो. चित्रपटातला वाद चालवतो सालोमालो. हे नाव गाथेतच आहे; दुसऱ्याचे अभंग आपले म्हणून सांगणारा. पडद्यावर तो दंभी आणि हास्यास्पद आहे. त्याला हसणे सोपे, कारण आपण तसे नाही याची प्रत्येकाला खात्री असते. रामेश्वरशास्त्री येतात, पण त्याच्याच चिथावणीने.

माऊली, खरा पूर्वपक्ष रामेश्वरभट्टांचा. वाघोलीचे हे मोठे पंडित. वेदांचा अर्थ प्राकृतात सांगण्याचा अधिकार या कुणब्याला कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न. ते ढोंगी नव्हते. शिकले तसे बोलले. आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. प्रामाणिक विद्वानाच्या हातून एवढे घडते, ही धास्ती चित्रपट आपल्याला देत नाही.

मीही कीर्तनात सालोमालोची नक्कल करून माणसे हसवली. पुढे अहमदपूरकडच्या एका गावी एका सालगड्याने स्वतः रचलेला अभंग म्हणू का, असे विचारले. त्याने दोन चरण म्हटले आणि मी चारचौघांत अक्षरे मोजून चुका दाखवल्या. तो वही मिटून खाली बसला. पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा कळले, त्याने नंतर काही रचले नाही. तुकोबांच्या वह्या तेराव्या दिवशी वर आल्या. ही आली नाही.

रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. कीर्तनाच्या शेवटी आपण तुकोबांची आरती म्हणतो, ती त्यांचीच. विरोध करणाऱ्याचे शब्द संप्रदायाने रोज मुखी ठेवले, ते उगाच नव्हे.

चित्रपट जरूर पाहा. पण सालोमालोला हसताना शेजारच्या शास्त्रीबुवांकडेही नीट पाहा. आणि गावात कोणी वही घेऊन आला, तर अक्षरे मागाहून मोजा, आधी ऐका.

पांडुरंग हरी.