‘बरा झाला’ यापुढची कथा

कर्करोगाने आपल्या कथेला बहुधा एकच कार्य नेमून दिले आहे, आणि ते म्हणजे मृत्यूची चाहूल देण्याचे. ‘आनंद’ (१९७१) या हिंदी चित्रपटाने रूढ केलेला हसतमुख मरणोन्मुख नायक आपल्या मनात इतका ठसला आहे, की या रोगातून वाचलेला तरुण हा कथेचा विषय होऊ शकतो, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

या दृष्टीने संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) पुन्हा पाहण्याजोगा आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘श्यामची आई’नंतर हा मान मराठीला प्रथमच मिळत होता. परशुराम या कोकणातील बालकाच्या नेत्रपटलाला कर्करोग झाला आहे; शस्त्रक्रियेने प्राण वाचतील, पण दृष्टी जाईल. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन जग दाखवतात. येथे करुणरसाची निष्पत्ती रडण्याने न होता पाहण्याने होते, हे या कृतीचे खरे सामर्थ्य होय. रुग्णाला सत्य सांगितलेच पाहिजे, हा नियम आणि ते सांगण्यास कोणाचीच जीभ न रेटणे, यांतील ताणही तिने संयमाने हाताळला आहे.

परंतु शस्त्रक्रियेनंतर मुलगा गावी परततो आणि कथा थांबते. कलाकृतीने कोठे थांबावे, हा तिचा अधिकार आहे. त्याबद्दल दोष देणे अनुचित ठरेल. प्रश्न आहे तो, तेथून पुढे कोणी लिहिले नाही, याचा. हा रोग दोन्ही डोळ्यांत उद्भवतो तेव्हा त्याचे मूळ जवळजवळ नेहमीच उपजत जनुकीय दोषात असते, आणि अशा मुलांना पुढे हाडांचा वा अन्य कर्करोग होण्याचा धोका आयुष्यभर राहतो. रक्ताच्या कर्करोगातून वाचलेल्यांपैकी काहींचे हृदय औषधांमुळेच दुर्बळ होते. मेंदूला किरणोपचार घ्यावे लागलेल्यांची स्मरणशक्ती व वाढ खुंटू शकते. याखेरीज न सरणारा थकवा, रोग उलटण्याचे भय आणि अपत्यप्राप्तीविषयीची शंका ही दुखणी आहेतच. वैद्यकाला याची जाणीव आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने उपचार संपलेल्या बालरुग्णांसाठी १९९१ मध्येच स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. साहित्याला ही जाणीव अद्याप व्हावयाची आहे.

इंदूरच्या सराफ्यात दिवसभर सोन्याचांदीचे व्यवहार चालतात. रात्री दुकाने बंद झाली, की त्यांच्याच पुढ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू यांचा बाजार भरतो. संध्याकाळी दारे लागताना पाहून बाजार उठला असे समजणाऱ्या परक्या माणसासारखी आपल्या कथेची गत झाली आहे. त्याच रात्रीच्या गर्दीत मित्रांबरोबर आलेल्या, बालपणी या रोगातून वाचलेल्या एका तरुणाची कल्पना करावी. वरून तो धडधाकट दिसतो. थोड्याच वेळात त्याला उभे राहवत नाही. पण कारण सांगितले तर ते लग्नाच्या बोलण्यांपर्यंत पोहोचेल, म्हणून तो काही तरी निमित्त सांगून घरी जातो. या निमित्तामागे एक संपूर्ण कथा आहे.

तिला शब्द आपल्या भाषेतच सापडेल. ‘रोगमुक्त’ हा शब्द अशा तरुणाच्या बाबतीत पुरेसा खरा नाही. मुक्ती एवढी पूर्ण नसते. पण ‘बरा’ हा आपला साधा शब्द पाहा. ‘तो बरा झाला’ यात रोग संपल्याची ग्वाही आहे, ‘कसा आहेस?’ याला ‘बरा आहे’ असे उत्तर येते, तेव्हा त्यात ‘चालले आहे’ एवढीच कबुली असते. पहिले वाक्य वैद्याचे आणि नातलगांचे; दुसरे त्या तरुणाचे. आपल्या साहित्याने आजवर पहिलेच ऐकले आहे.

या त्रुटीचे परिणाम वाङ्मयापुरते मर्यादित राहत नाहीत. उपचारांनंतर वर्गात परतलेला विद्यार्थी मंद वा आळशी ठरतो, तो पुष्कळदा शिक्षकाच्या निर्दयतेमुळे नव्हे. अशा मुलाची दुसरी कोणतीही प्रतिमा त्याच्या वाचनात आलेली नसते, म्हणून. ती प्रतिमा पुरविणे हे लेखकाचे काम आहे. तोवर ‘श्वास’ वर्गात दाखविणाऱ्या शिक्षकाने अखेरीस एवढे विचारावे, की परशुराम आता पंचविशीत असेल, तर तो ‘बरा आहे’ हे कोणत्या अर्थाने म्हणेल?