हितं तांबडं पायजे

आजीची वाकळ मी परवा पहिल्यांदा भिंतीवर टांगून पाहिली. आजवर ती अंथरली, पांघरली, उन्हात टाकली, पावसाळ्यात तिच्या जुन्या सुताचा ओलसर वास नाकाशी धरला. पण उभी करून, चार पावलं मागं सरून कधी पाहिली नव्हती. साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. दोन खिळ्यांनी पेलेना, चार ठोकावे लागले.

शहरात हिला गोधडी म्हणतात, आमच्याकडं वाकळ. आजीचं माहेर आटपाडीकडचं, सासर म्हसवडच्या बाजूचं. आज मधे सांगली-साताऱ्याची हद्द येते, पण माणगंगा एकच, तिचं कोरडं पात्र एकच आणि वाकळ शिवायची रीतही एकच. आजी जन्मली तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत आणि जगभरातून कलावस्तू जमवत. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे. त्या शिल्पासमोर मी बराच वेळ उभी राहिले होते. दगड कुठं गोल होतो, कुठं थांबतो, मूल आईच्या अंगातून कुठं सुटं होतं, हे डोळ्यांनी चाचपत. त्याच संस्थानातल्या एका बाईनं शिवलेल्या वाकळेला मात्र मी तेवढा वेळ कधीच दिला नव्हता. तो आता देते आहे.

आधी कड. चारी बाजूंनी हिरव्या इरकलीचा काठ फिरवलेला आहे, बोटभर रुंद. इरकल आमच्या भागातलं रोजचं लुगडं. कर्नाटकातल्या इळकलहून येणारं, अंगाला सुती, पदराला रेशमी, आणि पदर हमखास लालभडक, पांढऱ्या नक्षीचा, टोपपदर. अंगाचं सूत विरतं, पण काठ आणि पदर मागं राहतात. म्हणून माणदेशातल्या बहुतेक वाकळांना काठाची कड असते. इथवर गरजेचं आहे. पुढं कडेच्या आत येतात आजोबांच्या धोतराचे दोन पांढरे पट्टे, मामाच्या शाळेच्या चड्डीची खाकी, गुलाबी पागोट्याचा एक लांबोळका तुकडा, आणि मधोमध विटलेल्या निळ्या लुगड्याचं मोठं शेत. एकही तुकडा चौकोनी म्हणावा असा नाही. जसा फाटला तसा बसवला, पण प्रत्येकाची फाटकी कड शेजारच्याच्या पोटाखाली अशी दुमडलीय की बोट फिरवलं तरी धागा लागत नाही.

आणि त्या निळ्या शेतात, मध्याच्या जरा वर, जरा डाव्या अंगाला, तळहाताएवढं तांबडं. टोपपदराचं.

चिंध्या जोडून केलेली वस्तू, असं म्हटलं की आपलं बघणं तिथंच संपतं. हातात जे आलं ते लावलं, त्यात काय बघायचं? पण हे तांबडं हातात आलं म्हणून लागलेलं नाही. त्या जागी खालचं निळं कापड धडधाकट आहे. मी शिवणीच्या फटीतून वाकून पाहिलं, भोक नाही, विरलेलंही नाही. ठिगळाची तिथं गरजच नव्हती. शिवाय रेशीम वाकळेच्या पृष्ठभागावर लावणं व्यवहाराला धरून नाही. ते निसरडं, त्यावर सुई नीट बसत नाही, धुताना आधी तेच जातं. म्हणजे जपून ठेवलेल्या पदराला आजीनं कात्री लावली, आणि वाया जाणार हे माहीत असताना तो तिथं ठेवला. मी त्यावर तळहात धरला. सगळी वाकळ एकदम झोपल्यासारखी झाली. खाकी नुसती खाकी राहिली, पागोट्याचं गुलाबी फिकुटलं. हात काढला आणि गुलाबी पुन्हा उजळलं, कारण डोळा तांबड्यावरून निघून त्याच्याकडं जातो. तिथून पायगतीला तांबड्याचे आणखी दोन तुकडे आहेत, नखाएवढे. डोळा तिथवर उतरतो आणि परत वर येतो.

थोरल्या मावशीला फोन करून विचारलं. वाकळ शिवली तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती, सुईत दोरा ओवून द्यायचं काम तिचं. ती म्हणाली, "मी म्हटलेलं आईला, चांगला पदर कशाला कापतीस, उशीला हुईल. तर म्हणली, हितं तांबडं पायजे."

कारण नाही, खुलासा नाही. चित्रकारही याहून वेगळं काही सांगत नसेल.

मी स्वतः क्रोशानं विणते. सांगलीच्या शाळेत असताना हस्तकलेच्या तासाला ताटावरचा रुमाल विणायचा होता. कागदावर नमुना दिलेला, इतक्या साखळ्या, इतके खांब, आठ पाकळ्या. मला मधेच एक पाकळी मोठी करावीशी वाटली, केली, आणि तो रुमाल वर्गासमोर उसवला गेला. त्या उसवलेल्या दोऱ्याच्या कुरळ्या अजून डोळ्यांपुढं आहेत. त्यानंतर पुष्कळ वर्षं मी नमुन्याबाहेर एक टाका घातला नाही. मग मुक्त विणकामाबद्दल वाचलं. इंग्लंडमधल्या जेम्स वॉल्टर्स आणि सिल्व्हिया कॉश या जोडीनं क्रोशाला कागदी नमुन्यातून मोकळं केलं. जाड-बारीक, सुती-लोकरी कुठलाही दोरा घ्यायचा, एक लहान तुकडा विणायला लागायचं, वाटेल तिथं वळायचं, दुसऱ्या रंगानं बाजूला वाट काढायची, आणि असे वेडेवाकडे तुकडे एकमेकांना भिडवून मोठं काही उभं करायचं. त्या तुकड्याला त्यांनी नाव दिलं स्क्रम्बल. मी केला प्रयत्न. पहिल्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, दुसऱ्या दिवशी हात अडला. नमुना असतो तेव्हा पुढचा टाका सांगणारं कुणीतरी असतं. इथं प्रत्येक टाक्याला आपणच विचारायचं, आता काय हवंय? आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं फार अवघड असतं. आजी ते करत होती, आणि तिच्याकडं दोऱ्याचे पन्नास रंग नव्हते, घरातल्या माणसांच्या अंगावरून उतरलेलं होतं तेवढंच होतं. म्हणून तिच्या निवडीबद्दल मला जास्त आदर वाटतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी शेतात वापरलेल्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली मोठ्या संग्रहालयांत लागल्या, आणि लोकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. इतकं लांब जायला नको, आपल्या खालच्या अंगाला उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळकडं, सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांच्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी फुलं बसवल्याशिवाय ती पुरी होत नाही. आजीच्या वाकळेच्या कोपऱ्यांवर फुलं नाहीत, खणाचे चार तुकडे आहेत, तिच्याच चोळ्यांचे. तीन जांभळे, चौथा मोरपंखी. जांभळा संपला असेल. पण तो मोरपंखी तुकडा तिनं तांबड्याच्या बरोब्बर उलट्या टोकाला लावलाय, हे मी दोनदा ताडून पाहिलं.

वाकळ शिवतात उन्हाळ्यात, सुगी उरकल्यावर, पाऊस लागायच्या आत. सारवलेल्या जमिनीवर जुनं लुगडं ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर थर द्यायचे आणि वरून तुकडे मांडायचे. मग वाकळेवरच बसून कडेपासून धावदोरा घालायला लागायचं, एक ओळ संपली की आतली दुसरी, असं आत आत सरकत मध्यापर्यंत. टाके दाट लागतात, कारण आतलं कापड विरलेलं. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते गोळा होऊन एका बाजूला बसतं. हिच्या पायगतीला एक जागा उसवलीय. तिथून आत पाहिलं तर आणखी एक वाकळ आहे, जुनी, तिचे टाके आडवे. ती आजीच्या सासूची. थकलेली वाकळ टाकत नाहीत, नव्या वाकळेच्या पोटात घालतात.

मावशी सांगते, ही शिवली बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात. घरातली माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, पोरांना सुकडी मिळत होती, त्या वर्षी घरात नवं लुगडं आलं नाही. पदराला कात्री लागली ती त्याच साली, हे कळल्यावर मी पुन्हा जाऊन तांबड्यासमोर उभी राहिले.

वाकळेचं खरं लिखाण मात्र पाठीवर असतं. पुढून रंग बोलतात, मागं एकच फिकट लुगडं, आणि त्यावर नुसता दोरा. म्हणून मी ती उलटी टांगली. टाके मोजायला बसले. वरच्या आणि डाव्या बाजूला एका वितीत एकवीस टाके. कोपरा वळला की एकदम चौदा. खालची आणि उजवी बाजू सगळी चौदाची. दोन हात आहेत. बारीक टाका आजीचा, तिच्या चोळ्यांची शिवण मी ओळखते. लांब टाका तिच्या धाकट्या जावेचा. समोरासमोर बसून दोघींनी शिवलीय.

"त्या साली दोघी बोलत नव्हत्या," मावशी म्हणाली. कशावरून ते तिनं सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. दुपारची भाकरी झाली की दोघी येऊन बसायच्या, सुई चालायची, दोरा संपला की मावशीला हाक, एकमेकींना नाही.

दोघींचा वेग सारखा नव्हता, हे पाठीवर स्पष्ट दिसतं. चौकोन आत येता येता कलत गेलाय, आणि मधे सरळ पट्टी उरायची ती पाचरीसारखी निमुळती उरलीय. इथं एकीनं एकटीनं भरून टाकलं असतं तरी चाललं असतं. हातभर तर जागा. त्या पाचरीत सहा ओळी आहेत. पहिली बारीक टाक्याची, दुसरी लांब टाक्याची, परत बारीक, परत लांब, परत बारीक. सहावी लांब टाक्यांनी सुरू होते आणि मधेच बारीक होऊन संपते.