‘परमिशन डिनाइड’: एका ओळीची समीक्षा

आज समीक्षेला घेतलेली संहिता जेमतेम तीन शब्दांची आहे. ‘परमिशन डिनाइड’, आणि पुढे कंसात ‘पब्लिककी’. लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने दुरून लॉगिन करणाऱ्याने ती कधी ना कधी वाचलेली असते, बहुधा नको त्या वेळी.

कुठलंही वाक्य तपासताना आधी विचारायचं, ते कोणाला उद्देशून आहे? हे दाराबाहेरच्या अनोळखी माणसाला उद्देशून आहे. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. संशय हा त्याचा जन्मजात गुण. खातंच नाही, किल्ली चुकली, किंवा किल्ली बरोबर पण फोल्डरच्या परवानग्या सैल: तिन्हींना उत्तर एकच. हा मुकेपणा मला मान्य आहे. २०१८मध्ये ओपनएसएसएचच्या प्रतिसादातल्या बारीकशा फरकावरून कोणतं खातं खरं आहे हे बाहेरून ओळखता येतं असं उघड झालं, आणि तो फरक बुजवावा लागला.

माझी तक्रार शब्दांबद्दल आहे. कंसातलं ‘पब्लिककी’ हे कारण नव्हे. सर्व्हर लॉगिनच्या कोणत्या पद्धती स्वीकारायला तयार आहे, त्याची ती यादी. पण वाचणारा ते कारण म्हणूनच वाचतो आणि नव्या किल्ल्या पाडत बसतो. त्याहून घातक शब्द ‘परमिशन’. तो वाचून माणूस कन्सोलवरून आत शिरतो आणि होम डिरेक्टरीला ‘सीएचमॉड ७७७’ करून मोकळा होतो. आता बघा, ‘स्ट्रिक्टमोड्स’ हा नियम मुळातच चालू असतो. होममध्ये इतरांना लिहिता येत असेल तर सर्व्हर किल्ली पाहतच नाही. म्हणजे दार घट्ट करायला हवं होतं, तिथे याने सताड उघडलं! होमवरचा इतरांचा लेखनाधिकार काढा, ‘डॉट एसएसएच’ला ७००, ‘ऑथराइज्ड कीज’ला ६००, आणि दोन्हींची मालकी त्याच खात्याची. बस.

खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं: ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’. डेबियन, उबुंटूवर बहुधा ‘ऑथ डॉट लॉग’मध्ये, रेड हॅटवर ‘सिक्युअर’मध्ये. आतल्या माणसाशी बोलताना हाच प्रोग्रॅम किती नेमकं बोलतो!

मात्र एका ठिकाणी मुकेपणाचं समर्थन होत नाही. २०२१च्या ८.८ आवृत्तीपासून एसएचए-१वर आधारलेल्या आरएसए सह्या मुळातच बंद झाल्या. जुन्या सर्व्हरशी सहीची पद्धत जुळत नाही, हे तुमच्याच मशीनवरच्या क्लायंटला कळलेलं असतं. इथे लपवायचं कोणापासून? तरी ‘डॅश व्ही’ लावल्याशिवाय अनेकदा तो ते बोलत नाही. हाच क्लायंट तुमची खाजगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर मोठ्या अक्षरांत चौकट काढून बजावतो, परवानगीचा आकडासुद्धा सांगतो. मग इथेही एक जादा ओळ छापायला काय हरकत होती?