छान आहे, पण…

म्हैसूरमध्ये सिनेमा पाहून बाहेर पडलेला माणूस आधी ‘चन्नागिदे’ म्हणतो. आपण ‘छान आहे’ म्हणतो तसेच. याला मत म्हणता येणार नाही, तो शिष्टाचार झाला. मत सुरू होते ते त्यानंतरच्या ‘आदरे’पासून, म्हणजे आपल्या ‘पण’पासून. विनोदी मालिका आणि ॲनिमेशनपट यांच्याकडे आपली वाङ्मयीन नियतकालिके क्वचितच वळतात. त्यामुळे या दोन्हींची जी काही समीक्षा होते, ती बरीचशी या जाता जाता उच्चारलेल्या ‘पण’मध्येच होते. ती गंभीरपणे ऐकावी असे मला वाटते.

‘मालगुडी डेज’चेच पाहा. आर. के. नारायण यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे म्हैसूरमध्ये काढली. यादवगिरीतल्या त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. दूरदर्शनवरची मालिका शंकर नाग यांनी केली, आणि तिच्यासाठी रेखाटने काढली ती नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांनी. चित्रीकरण झाले शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंब्यात आणि पात्रे बोलत होती हिंदी. तरीही ‘ते आमचं म्हैसूरच’ असे इथे सहज म्हटले जाते. काटेकोर समीक्षक हे मत खोडून काढील: मलनाडातला तो पाऊस म्हैसूरचा नव्हे, आणि भाषाही म्हैसूरची नव्हे. पण ‘म्हैसूरच का?’ असे विचारले की उत्तर मिळते ते स्वामीच्या वडिलांबद्दल. गिरीश कार्नाड घरात येतात आणि मास्टर मंजुनाथचा स्वामी एकदम शहाण्यासारखा वागू लागतो. आजीपाशी गेला की तोच स्वामी पुन्हा बडबड्या होतो. प्रेक्षकाने ओळखलेले साम्य भूगोलाचे नाही, घरातल्या वागण्याचे आहे. मला हे निरीक्षण अचूक वाटते.

आता लक्ष्मण यांच्याच कल्पनेतून आलेली दुसरी मालिका घेऊ. म्हैसूरमध्ये जन्मलेले, इथल्या महाराजा कॉलेजात शिकलेले लक्ष्मण मुंबईत स्थिरावले. त्यांच्या मध्यमवर्गीय माणसावरून ‘वागळे की दुनिया’ १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली. दिग्दर्शन कुंदन शाह यांचे, वागळे झाले अंजन श्रीवास्तव आणि त्यांच्या पत्नी भारती आचरेकर. या मालिकेबद्दल मराठी घरांत मी ऐकलेला ‘पण’ वेगळा आहे: ‘छान होती, पण वागळे घरी मराठी का बोलत नाहीत?’

स्वामीची हिंदी म्हैसूरला खुपली नाही आणि वागळ्यांची हिंदी मराठी माणसाला खुपली, यात मला विसंगती दिसत नाही. मालगुडी नकाशावर नाही. तिथे कोणती भाषा बोलतात, हे लेखक आणि दिग्दर्शक ठरवू शकतात. मुंबई मात्र नकाशावर आहे. तिथला वागळे ऑफिसात, लोकलमध्ये, भाजीवाल्याशी हिंदी बोलेल, पण घरात पाऊल टाकताच त्याची भाषा बदलेल. त्याच्या फजितीतला निम्मा विनोद या उंबरठ्यावर घडायला हवा होता. मालिकेने तो उंबरठाच काढून टाकला. घरबसल्या विचारलेल्या त्या साध्या प्रश्नाने हे नेमके पकडले आहे.

मुलांच्या कार्टूनबद्दल पालक म्हणतात, ‘मुलं बिघडतात.’ हे नेहमीचे रडगाणे म्हणून आपण सोडून देतो. पण पुढचे वाक्य ऐकावे: ‘उलट उत्तरंसुद्धा हिंदीत देतात!’ ही तक्रार डबिंगची आहे. कर्नाटकात १९६०च्या दशकापासून कन्नड डबिंगला विरोध होता. छोट्या चित्रपटसृष्टीतल्या लोकांची कामे वाचवणे हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. त्याविरुद्ध स्पर्धा आयोगाचा निर्णय आला तो २०१५ मध्ये. मुलांसाठी चिंटू टीव्ही ही कन्नड वाहिनी २००९ मध्ये निघाली खरी, पण त्याआधीच डोरेमॉन आणि शिनचॅन घरोघर हिंदीत बोलू लागले होते. महाराष्ट्रात अशी बंदी नव्हती, तरी मराठी मुलांनी ते हिंदीतच पाहिले. इथे बंदीने केले ते तिथे बाजाराने केले. मूल आगाऊपणा कोणत्या भाषेत शिकते, ही किरकोळ बाब नाही. आगाऊपणा किती आणि लाड किती, हे आईला स्वतःच्या भाषेतच नीट तोलता येते.

प्रेक्षकाचा प्रत्येक ‘पण’ मला मान्य आहे असे नाही. २०२५ मध्ये आलेला ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट बेंगळुरूच्या होम्बाळे फिल्म्सने प्रस्तुत केला. त्याबद्दल इथे ऐकले: ‘हालचाली कुठे कुठे कच्च्या आहेत, पण नरसिंह आला आणि हात जोडले गेले.’ चामुंडी टेकडीवर हातात तलवार आणि नाग घेतलेला रंगीत महिषासुर उभा आहे. त्याची प्रमाणबद्धता कोणी मोजत नाही, कारण तिथे लोक मूर्ती पाहायला आलेले असतात. पडद्यावरच्या चित्रालाही तोच न्याय लावला जातो. मला तो चुकीचा वाटतो. मूर्ती स्थिर असते. ॲनिमेशनची सगळी कला हालचालीत आहे, आणि तिथला कच्चेपणा भक्तीच्या खाती टाकला तर पुढचा चित्रपट सुधारण्याचे कारणच उरत नाही.

हा चित्रपट कन्नडसह पाच भाषांत प्रदर्शित झाला. त्यांत मराठी नव्हती. प्रल्हादाची गोष्ट मराठी घरांत आजी मराठीत सांगते, तरी मराठी प्रेक्षकांनी तो हिंदीत पाहिला. त्याबद्दल मराठी ओळखीच्यांकडून मी बरीच मते ऐकली: संगीत, लढाई, शेवटचा प्रसंग. भाषेबद्दलचा ‘पण’ मात्र एकानेही काढला नाही. वागळ्यांच्या वेळी तो सहज तोंडी आला होता. मला काळजी वाटते ती या गप्प राहण्याची.